एक्केचाळीस दिवसांची चूल

मुकुंदवाडीच्या कडूबा सांडूनं शिजवलेलं अन्न सोडलं, तेव्हा त्याच्या बायकोला, वच्छलाबाईला, आधी बरंच वाटलं. चाळीस वर्षं भाकरी थापून तिच्या तळहातावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. म्हटलं, चला, आठवडाभर सुट्टी. पण तिसऱ्या दिवशी कच्चा दोडका कुरतडत कडूबानं पुढचं सांगितलं. एक्केचाळीस दिवस पुरे झाले, की अंगणातली चूल फोडायची आणि तिथं तुळस लावायची. गॅसची शेगडी लेकाकडं बजाजनगरला धाडून द्यायची. या घरात पुन्हा विस्तव पेटणार नाही.

मग मात्र सुट्टीवर पाणी पडलं. वच्छलाबाईला गरम भाकरीवाचून झोप येत नसे.

कडूबा काही वेडा नव्हता. वाळूजच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर त्यानं हौसेनं एक म्हैस घेतली होती. तिचं रेडकू पंधरा दिवसांत मेलं. म्हैस पान्हा सोडीना, तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणं रेडकाच्या कातड्यात भुसा भरून कडूबानं ते तिच्यापुढं उभं केलं. म्हैस ते चाटत राही आणि हा खाली बसून चरवी भरून घेई. एका सकाळी चाटून चाटून शिवण उसवली आणि भुसा तिच्या जिभेला लागला. तिनं तो खाल्ला नाही. मान वळवून नुसती कडूबाकडं बघत राहिली. त्या दिवसापासून दूध, दही, तूप काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही. माश्यांचं घर लुटायचं नाही म्हणून मधही गेला. म्हैस त्यानं मेहुण्याच्या मळ्यात नुसती चरायला सोडून दिली.

इथवर वच्छलाबाई नवऱ्याच्या बाजूनं होती. म्हशीचं ते बघणं तिनंही बघितलं होतं.

घोळ झाला तो तात्यासाहेबांमुळं. तात्यासाहेब म्हणजे रिटायर तलाठी. रोज सकाळी मारुतीच्या पारावर मंडळ भरवत. कुठल्याशा स्वामींच्या शिबिरातून ते शिकून आले, की विस्तव लागला की अन्नातला प्राण जातो, आणि असलं अन्न खाणारा माणूस मढ्यावर जगतो. मंडळानं माना हलवल्या आणि घरी जाऊन वरणभात खाल्ला. कडूबा एकटाच तसा वागायला लागला. तात्यासाहेबांना इतका आज्ञाधारक माणूस सगळ्या नोकरीत भेटला नव्हता. त्यांनी लगेच जाहीर केलं, एक्केचाळिसाव्या दिवशी कडूबाच्या अंगणात शाल-नारळ, आणि सगळ्यांदेखत चुलीवर पहार.

कडूबा भिजवलेली ज्वारी खाई, मटकी खाई, मुळा पाल्यासकट खाई. त्याच्या दोडका चावण्याचा आवाज स्टेशनापर्यंत जाई, आणि मालगाडी आली समजून फाटकवाला फाटक लावून घेई. दोन्ही बाजूंनी रिक्षा तुंबून राहत. शेजारच्या शेळीनं तर त्याच्याकडं बघणंच सोडलं होतं. तिच्या वाटचा पाला कुठं जातो हे तिला कळत होतं.

नवऱ्याशी भांडून चूल वाचत नसते, हे वच्छलाबाईला ठाऊक होतं. ती भक्तिभावानं नवऱ्याचं व्रत कडक करायला लागली. माठ भट्टीत भाजलेला असतो, हे तिनं त्याच्या कानावर घातलं. कडूबा भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी प्यायला लागला. ऐन थंडीत आंघोळीचं पाणी तिनं तापवलं नाही. तो दात न वाजवता न्हाला, कारण दात वाजायला तोंडात होते कुठं? त्याची कवळी दुकानात साच्यात घालून शिजवतात, असं तिनं आदल्याच दिवशी सुचवलं होतं, आणि त्यानं ती तिथल्या तिथं काढून वाटीत ठेवली होती. आता तो पाट्यावर गाजर वाटून चाटत होता. वच्छलाबाईनं मनात कपाळावर हात मारला. माणूस खोटा असता तर बरं झालं असतं.

शेवटी तिनं पारावर जाऊन मंडळाला हात जोडले.

"एवढंच सांगा," ती म्हणाली. "हितून पुढं एक्केचाळिसाव्या दिवसापर्यंत यांच्या तोंडात विस्तवातून निघालेली एक जरी वस्तू गेली, तर?"

मंडळात बसलेल्या कडूबानं गालातली तंबाखू जिभेनं बाजूला सारली. "तर चूल राहील. वर मी सोता फुंकणी घेऊन जाळ घालून देईन."

तंबाखू तेवढी राहिली होती. ते पान, झाडाचं, उन्हात वाळलेलं. तात्यासाहेब स्वतः खात, म्हणून त्यांनीच तिला सूट दिली होती. आणि दात नसले तरी तंबाखूला गाल पुरतो.

दिवस सरत गेले. विस्तवातली एक वस्तू काही सापडेना. एकोणचाळिसाव्या दिवशी वच्छलाबाईनं हार मानली. निदान सत्काराच्या मागची भिंत तरी पांढरी असावी, म्हणून शेअर रिक्षानं गुलमंडीला गेली. तिथं मागच्या गल्लीत युसूफभाईंचं चुना-रंगाचं दुकान. कडूबाचा जुना दोस्त. त्याची खायच्या चुन्याची डबीही तिथूनच भरून येई. भाभी आली म्हणून युसूफभाईंनी चहा मागवला आणि भिंतीसाठी कळीच्या चुन्याची ढेकळं पिशवीत भरून दिली. वर बजावलं, की प्लास्टिकच्या बादलीत भिजवू नका, आणि हात तर अजिबात घालू नका. पाणी पडलं की हा उकळतो.

"जाळाबिगर?"

"तीन दिन भट्टीमें जळेला फत्तर है, भाभी. आग अंदरच बैठी रहती."

वच्छलाबाईची नजर शेजारच्या फळीवर गेली. तिथं खायच्या चुन्याच्या डब्या रांगेनं मांडल्या होत्या.

"आन् ह्यो?"

"वोच है. भिगाके, छानके रखते, बस."

परतताना रिक्षात ती इतकी हसली, की शेजारची बाई उतरून दुसऱ्या रिक्षात बसली.

एक्केचाळिसाव्या दिवशी अंगण भरलं. युसूफभाईही आले. भिंतीला पहार टेकवून ठेवली होती. कडूबा धुतलेलं धोतर नेसून, ताजी तंबाखू मळून गालात धरून पाटावर बसला. तात्यासाहेबांनी त्याच्या अंगावर शाल घातली, आणि ते नारळ उचलणार तेवढ्यात वच्छलाबाई लोखंडी बादली घेऊन मधोमध आली. भिंतीला हात मारायचा राहिला म्हणाली. बादलीत ढेकळं होती, ढेकळांत झाकणाचा एक डबा रोवलेला. तिनं वरून तांब्याभर पाणी ओतलं, मग आणखी एक.

आधी काहीच झालं नाही. मग ढेकळं तडकली, फसफसली, आणि बादली अशी रटरटायला लागली, की सत्यनारायणाच्या पूजेला आल्यासारखी बसलेली माणसं उठून मागं सरली. वाफेनं तात्यासाहेबांचा चष्मा पांढरा झाला. सगळं निवल्यावर वच्छलाबाईनं चिमट्यानं डबा काढला, झाकण उघडलं आणि आतल्या रताळ्याच्या फोडी तात्यासाहेबांपुढं धरल्या. मऊ शिजल्या होत्या. सवयीनं त्यांनी एक खाल्लीसुद्धा.

"जाळ नाय, धूर नाय," ती म्हणाली. "विस्तव या चुन्याच्या पोटात हाय. यांच्या डबीतला बी त्याच भट्टीतला. इचारा युसूफभाईला."

सगळ्यांच्या नजरा युसूफभाईंकडं गेल्या. त्यांनी मान हलवली. तिथून त्या कडूबाच्या गालावर येऊन थांबल्या. तात्यासाहेबांनी आपली डबी हळूच खिशात सरकवली आणि चुना काही अन्नात धरत नाहीत, तो नुसता लावतात, अशी वाट काढून दिली. मंडळही हो हो म्हणालं. पहार तर समोरच होती.

कडूबा उठला. कोपऱ्यात जाऊन थुंकला, तुंब्यातल्या पाण्यानं तीन चुळा भरल्या आणि धोतरानं तोंड पुसत परत आला.

"तात्यासाहेब, मी कवळी काढली ती काय नुसती चेष्टा म्हणून?" तो म्हणाला. "रोज बारा बारा डाव जाळ गालात धरला मी." मग बायकोकडं वळला. "फुंकणी कुठं हाय?"

अंगावरची शाल तशीच ठेवून तो चुलीपुढं बसला. पहिल्याच फुंकरीला सगळी राख त्याच्या तोंडावर आली. वच्छलाबाईनं पीठ पहाटेच चाळून ठेवलं होतं. भाकरी, तेलातला ठेचा, कांदा. शेजारणीनं कौतुकानं ताकाचा पेला पुढं केला. कडूबाचा हात आखडला, पण त्याच्याआधी वच्छलाबाईनंच तो पेला बाजूला सारला.

"ते नको," ती म्हणाली. "त्येवढं त्यांचं खरं हाय."

कडूबानं वाटीतली कवळी धुऊन तोंडात बसवली. भाकरीचा तुकडा मोडला, डोळे मिटून चावला. चावता चावता त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मधी जरा कच्ची राहिली गं," तो म्हणाला.

वच्छलाबाईनं भाकरी काढून घेतली, निखाऱ्याला उभी केली, आणि फुंकणी पुन्हा त्याच्या हातात दिली.