पाहणारे जिवंत असताना

माझ्या नाकावर राग असतो हे अख्ख्या ग्रंथालयाला ठाऊक आहे. म्हणून संचालकांनी तो दोन काचांमधला तुकडा माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाले, "बाई, याची तारीख पुन्हा एकदा बघून द्या. घाई नाही."

घाई नाही म्हणे! तळहाताएवढा पपायरस, त्यावर येशूच्या शुभवर्तमानातल्या मोजक्या ओळी, आणि खाली माझ्या लहानपणापासूनची पाटी: दुसऱ्या शतकाचा आरंभ. ही तारीख ठरवली माझ्या वडिलांनी, आप्पांनी. तिच्यावर त्यांचं नाव झालं, देशोदेशींचे लोक त्यांना विचारायला आले. आता त्यांची चूक काढायची, तर ती त्यांच्याच मुलीने!

आमच्या कामात गोम अशी की धर्मग्रंथांच्या जुन्या प्रतींवर तारीख नसते. भाडेकरारांवर, खरेदीखतांवर असते. मग त्या कागदांतल्या अक्षरांचं वळण बघायचं आणि ग्रंथाचं वळण त्याच्याशी जुळवायचं. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. मी डोळ्यांत तेल घालून जुळवलं. जुळणारा जो तो कागद शंभरेक वर्षं नंतरचा निघाला. आप्पांनी ज्या कराराचा दाखला दिला होता, त्याचं वळण तर जुळतच नव्हतं. आधी तारीख मनात धरायची आणि मग तिला शोभेलसा कागद शोधायचा, ही आमच्याकडे नवशिक्यांची चूक. आप्पा तेव्हाही नवशिके नव्हते. मला काही उमजेना.

पण खरं सांगू? मला त्या तारखेचं एवढं नव्हतंच. मला माझी आई हवी होती.

ती गेली तेव्हा मी दीड वर्षाची. तिचा आवाज, तिचा वास, काही म्हणजे काही आठवत नाही. आप्पांनी तिच्याबद्दल कायम तोंडात मिठाची गुळणी धरली. आत्या म्हणायची, "सांगेन गं, एकदा निवांत बसू." तो निवांतपणा आलाच नाही, मागच्या हिवाळ्यात आत्याही गेली. आता आईला पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, आणि ते सकाळी जेवलं की नाही हे दुपारी विसरत होतं. त्यात ही तारीख सांगून त्यांना दुखवलं तर ते पार मिटून जातील, आणि त्यांच्याबरोबर आईही. या भीतीने मी पाटी बदलायचं टाळत राहिले.

शेवटी एका दुपारी धीर करून तुकड्याचा मोठा केलेला फोटो घेऊन त्यांच्या खोलीत गेले. काय आहे, ते सांगितलं नाही. नुसता पुढे ठेवला.

आप्पांनी भिंग घेतलं. माणसं विसरणारा माणूस, पण अक्षर दिसलं की पाठ ताठ! बराच वेळ बघून म्हणाले, "तिसरं शतक. वाद नाही."

"पाटीवर दुसऱ्याचा आरंभ लिहिलंय."

"कुठल्या गाढवाने?"

"तुम्ही, आप्पा."

ते हसले. मग हसू हळूहळू मावळलं. "हो," ते म्हणाले. "मीच तो गाढव."

"तेव्हा कळत नव्हतं?"

"अर्धवट कळत होतं. तुझी आई नुकतीच गेली होती." त्यांनी भिंग पालथं ठेवलं. "येशूला पाहणारी माणसं होती, तोवर कुणी लिहिलं नाही गं. तीस-चाळीस वर्षं एकमेकांना नुसतं सांगत बसले. पाहणारे मरायला लागले, तेव्हा कुठे लिहायची आठवण झाली. मला वाटायचं, निदान हा तुकडा तरी जवळचा असू दे. याच्या लेखकाने पाहणाऱ्याला तरी पाहिलेलं असू दे."

"आणि आईबद्दल मला एक अक्षर नाही सांगितलंत!"

"सांगितलं की झिजेल असं वाटायचं." ते खिडकीकडे बघत राहिले. "न सांगताही झिजलंच."

मला रडूही येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. "जेवढं उरलंय तेवढं द्या," मी म्हणाले. "आप्पा, पाया पडते तुमच्या."

त्यांनी डोळे मिटले. "चिडकी होती. कपाट असं आपटायची की शेजारी विचारायला यायचे. चहा पार गार झाल्याशिवाय तोंडाला लावायची नाही. विचारात असली की कानाची पाळी ओढायची. आणि हरली की म्हणायची, जाऊ दे, मरू दे."

माझा हात कानाच्या पाळीवर होता. तो मी गुपचूप खाली घेतला.

हे सगळं माझं होतं. कपाट माझं, गार चहा माझा, 'जाऊ दे, मरू दे' दिवसातून दहादा मीच म्हणते. मी आईवर गेले असेन. किंवा आप्पांच्या मनातली आई केव्हाच पुसली गेली असेल, आणि तिच्या जागी त्यांनी रोज डोळ्यांसमोर वावरणाऱ्या मला भरलं असेल. कुणाला विचारणार? ताडून बघायला दुसरा कागदच नाही. एखाद्या विद्यार्थ्याने असला पुरावा आणला असता, तर मी त्याला दारातूनच परत धाडलं असतं.

आप्पांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर कितीतरी वर्षांत न दिसलेला आनंद होता. मग एकदम शंका आल्यासारखं त्यांनी माझं मनगट धरलं.

"बरोबर आहे ना गं? अशीच होती ना ती?"

"अगदी अशीच," मी म्हणाले. "पुढे सांगा."