तळाला गेलेला सेनापती

चित्रकथाकार ओरिएच्या अंतराळातल्या कथेत चौदा खलनायक होते. ती छापणाऱ्या मासिकाच्या वाचकांनी पोस्टकार्डांवर त्यांच्या ताकदीला गुण दिले, आणि सेनापती दोगान तळाला गेला. त्याने एकही ग्रह फोडला नव्हता. जेवताना तो हातातल्या जेवायच्या काड्या नुसत्या खाली ठेवायचा, की अख्ख्या यानातले सैनिक खायचे थांबायचे.

"सेन्सेई, त्याला एखादा ग्रह फोडायला लावा," संपादक माकिनो कलाकारांना लावायच्या या आदराच्या हाकेने म्हणाले. "नाहीतर कथा बंद होईल."

"होऊ दे बंद!" ओरिए फणकारली. "ग्रह काय, कुठलंही माकड फोडेल. दोगानला मी हात लावणार नाही."

नववर्षाला ती नागोयाला आईवडिलांकडे गेली. जेवताना वडिलांच्या मांडीवर तेच मासिक होतं. आजवर त्यांनी तिचं एक पानही वाचलं नव्हतं.

"हा दोगान म्हणजे मीच ना?"

आता तरी यांना लाज वाटेल, असं ओरिएला वाटलं.

"मग मी सगळ्यांत खाली कसा?" म्हणत त्यांनी काड्या खाली ठेवल्या.

आईचा घास तोंडातच राहिला. ओरिएनेही वाडगं खाली ठेवलं.

सुट्टी संपताच तिने माकिनोंना फोन लावला. "फोडूया ग्रह," ती म्हणाली. "दोन फोडूया."