काष्ठानंदांची न भिजणारी खुंटी

बादली एक, खुंट्या दोन आणि माणसं दीडशे. बाळापूरजवळच्या त्या गावात किसनरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तासभराचं भजन संपलं, तसं काष्ठानंद महाराजांनी दोन्ही खुंट्या पाण्यातून काढून किसनरावांच्याच भाजीच्या काट्यावर ठेवल्या. बुडवताना दोन्ही दोनशे ग्रॅम होत्या. किसनरावांच्या तोंडलीच्या मांडवातल्या कुजक्या खांबाची खुंटी आता दोनशे नव्वद भरली. महाराजांची सिद्ध खुंटी दोनशे चार.

"पापी लाकूड पानी पिते! सिद्ध लाकूड निर्जळी एकादस करते!" महाराज गरजले. "खांब कवापासून कुजले?"

"पोराचं लगन झालं त्या सालापासून," सासू दुर्गाबाई बोलून गेल्या.

महाराजांना तेवढंच हवं होतं. सून पांढऱ्या पायाची आहे. उद्याच तिला बडनेऱ्याला माहेरी धाडा, मग चाळीस सिद्ध खांब रोवतो. नवरा शिवम स्वतःच्या चपलेकडे बघत राहिला.

बादली धुवायचं काम अर्थातच त्या पांढऱ्या पायाच्या रागिणीकडे आलं. तिनं सिद्ध खुंटी उचलली, हुंगली आणि पदराआड हसली. तिचे वडील बडनेऱ्यात आरा मशीनवर कामाला. कुऱ्हाडीचे दांडे ते ज्यात उकळायचे, त्याचाच हा वास.

सकाळी तिची पिशवी दारात आणि जमाव अंगणात.

"मामाजी, जातो मी," रागिणी सासऱ्यांना म्हणाली. "पन एक खुंटी माह्या हातची बुडवा. आपल्याच खांबाच्या शेंड्याची हाय."

खुंटी दोनशे ग्रॅम भरली. पुन्हा भजन झालं, पुन्हा काटा लागला. दोनशे तीन!

"म्हंजे सून महाराजाच्याही वर एक ग्राम सिद्ध झाली म्हना," शेजारचे जानराव म्हणाले.

महाराजांचा तोल गेला. "लबाडी हाय! जवसाच्या तेलात उकळून आनली हिनं!"

"उकळली ना," रागिणी शांतपणे म्हणाली. "पन महाराज, तुमाले न हुंगता कसं समजलं?"

आधी जानराव हसले, मग सगळं अंगण. महाराज चपला शोधू लागले.

रागिणी सगळ्यांना मांडवात घेऊन गेली. तिनं खांबाच्या बुडाशी खुरपं टोचलं. ते लोण्यात शिरावं तसं शिरलं. वीतभर वर टोचलं, तर टणकन परतलं. बुडाशी ठिबकची नळी थेंब थेंब गळत होती.

"ही नळी इथं कोनं बांधली?"

किसनराव खाकरले. वेल खांबांच्या बुडाशी लावले तेव्हा त्यांनीच बांधली होती, लग्नाच्याच साली.

"बुरशीले ओल लागते अन् हवाही. जमिनीच्या तोंडाशी तिले दोनी भेटते, म्हनून तिथंच लाकूड खाते. वर कोरडं, तं धड हाय. तेलानं पानी उशिरा शिरते, बस. मंतर कायले पाह्यजे?"

सून आणि ठिबकची नळी एकाच साली घरात आली होती. गावानं दोष सुनेला दिला, कारण नळीला वाकून बघावं लागतं. तेवढं वाकायला हवं. माणसाला घराबाहेर काढण्याआधी एकदा खुरपं टोचून बघायला हवं.

किसनराव वाकून नळी खांबापासून हातभर लांब सरकवू लागले. दुर्गाबाईंनी दारातली पिशवी उचलून आत नेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "रागिणी, जवसाचं तेल समदं खुंटीलेच पाजलं का व? आता भाजीले काय टाकू?"