छोट्या नोंदी

नाझियाची जागा गेल्याचं पत्र अमेरिकेतल्या विद्यापीठाकडून मोरा गावातल्या आमच्या घरी पोस्टाने आलं. 'दोन ई-मेल पाठवले. पंधरा मे १९९९ पर्यंत होकार कळवायचा होता. उत्तर नाही, म्हणून प्रवेश आणि शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली आहे.'

माझी ही धाकटी बहीण महिनाभर रोज विचारायची, "भाई, मेल आली?" आणि मी, बोनकोड्याच्या इंटरनेट कंपनीतला दीडशहाणा, सांगायचो, "टेन्शन नको घेऊस. आली की कळेलच."

पत्र खिशात घालून मी ऑफिसात ते ई-मेल कुठे अडकले ते शोधायला बसलो. एप्रिलमध्ये आमचे मालक धर्मराजशेठ यांनी इंटरनेटची लाइन नव्या कंपनीकडून घेतली, पण मशीनचे इंटरनेटवरचे पत्ते, म्हणजे आकडे, जुन्या कंपनीने दिलेलेच ठेवले. "गिऱ्हाइकांना पाठ झालेले नंबर कशाला बदलायचे?" म्हणाले, जणू टेलिफोनचेच नंबर. मीही मान डोलावली. गिऱ्हाइकांच्या चाळीस ऑफिसांत फिरून सेटिंग बदलायचा कंटाळा मलाच होता.

जगातलं प्रत्येक नेटवर्क बाकीच्यांना सांगतं, अमुक पत्ते माझ्याकडे आहेत. वाट दाखवणाऱ्या प्रत्येक राउटरला या सगळ्या नोंदी ठेवाव्या लागतात. त्या साठ हजारांवर गेल्या, राउटरांचा जीव मेटाकुटीला आला. मग मोठ्या नेटवर्कांनी ठरवलं: शेजारशेजारचे पत्ते एकाच मोठ्या नोंदीत आणा, सुट्या छोट्या नोंदी आम्ही घेणार नाही. आमची नोंद छोटी. विद्यापीठाकडच्या नेटवर्कने ती गाळली; उरली जुन्या कंपनीची मोठी नोंद, तिच्यात आमचे पत्तेही मोडायचे, म्हणून नाझियाला पाठवलेले ई-मेल त्या जुन्या कंपनीच्या दारात जाऊन पडले. त्या कंपनीला आमच्याशी आता काही देणंघेणं नव्हतं.

मी त्या नेटवर्ककडे फॅक्सने तक्रार केली. उत्तर दोन ओळींचं, अगदी सभ्य: नियम सगळ्यांना सारखा. डोकं असं फिरलं! पण भांडणार कोणाशी? नियम बरोबरच होता.

संध्याकाळी नाझियाला सगळं सांगितलं. ऐकून तिने विचारलं,

"तुझ्या राउटरवर पण छोट्या नोंदी गाळतोस?"

"हो. मेमरी कमी पडते."

"मग काढून टाक ना तो नियम."

"काढला तर राउटरच बसेल. सगळ्यांचंच बंद."

"तुझ्यामुळे कोणाचं काय गेलं, ते तुला कळतं तरी का?"

"नाय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी तो नियम एकदा उघडून पाहिला, आणि होता तसाच ठेवला.