हरणाचं सोडून सगळी शिंगं

अंगणातल्या सतरंजीवर अकरा शिंगं होती. सात बोकडांची, तीन मेंढ्यांची, एक याकचं. हरणाचं एकही नाही.

बेगायिमने कपाळावर हात मारला. "तायके, ही आतून पोकळ आहेत! मला भरीव हवंय. हरणाचं. चार दिवस तेच सांगतेय!"

तायके म्हणजे तिचा मामा, सुयुनबेक. तो चहा फुंकत म्हणाला, "शिंग म्हणालीस, शिंगं आणली. याकचं बघ केवढं आहे."

बेगायिम अश्मयुगातल्या दगडी हत्यारांवर प्रबंध लिहीत होती. खोदकामात निघालेले चकमकीच्या दगडाचे छिलके सरासरी साडेचार मिलिमीटर जाडीचे होते. बेगायिमने गोट्याने ठोकून काढलेले नवाच्या खाली उतरेनात. इतके पातळ छिलके फक्त हरणाच्या शिंगानेच निघतात, असं तिने प्रबंधात ठासून लिहिलं होतं. सोमवारी ते परीक्षकांसमोर करून दाखवायचं होतं. आज शनिवार.

"तीस वर्षं जंगलात राखणदारी करताय. दर वसंतात हरणं शिंगं टाकतात. तुम्हाला एक दिसत नाही?"

"दिसतात की."

"मग?"

"दिसली की मी वाट बदलतो."

आतून मामी कडाडली, "अहो, सांगून टाका ना एकदाचं! अगं, हे बुगू कुळाचे. हरीण यांची आई. त्या शिंगाने दगड कोण फोडू देईल तुला?"

"पण मी गळून पडलेलंच घेणार होते!"

"आईचे गळलेले केस गोळा करून चूल पुसशील?" मामा म्हणाला.

"मग पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं होतं!"

"बहिणीच्या लेकराला नाही कसं म्हणू? मागेल ते द्यावंच लागतं. भाची येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले, असं म्हातारे उगाच म्हणत नव्हते."

तो उठला आणि तंबूचे खुंट ठोकायचा सोटा घेऊन आला. जर्दाळूच्या बुंध्याचा, गाठाळ. "हे घे."

"लाकूड? लाकडाने दगड फुटतो होय?"

"शिव्या नंतर दे. आधी मार."

तिने रागारागाने घाव घातला. नुसता भुगा झाला. दुसऱ्यालाही तेच. मग तिने दगडाची कड घासून घेतली, दगड मांडीवर तिरका धरला आणि पुन्हा मारलं.

संध्याकाळपर्यंत चाळीस अखंड छिलके जमले. प्रत्येकाची जाडी तिने तीन ठिकाणी मोजून वहीत उतरवली. सरासरी: चार पूर्णांक चार दशांश मिलिमीटर. मग तिने प्रबंध उघडला आणि 'फक्त हरणाच्या शिंगानेच' यावर काट मारली.