माझ्या पोटावरची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना स्टेपलर आहे. जुना म्हणजे खरा जुना, अस्सल लोखंडी. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या पोरांसारखा दहा कागद पाहून मी तोंड वाकडं करत नाही. माझा काळा रंग कडेनं उडाला आहे, स्प्रिंग कुरकुरते, पण पंचवीस कागद अजून एका दमात टाचतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या या गुणाचा काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो माझ्या पोटाचा.

कारखान्यातून मी थेट एका कचेरीत आलो. टेबलावर शेजारी पंच, गोंदाची बाटली, रबरी शिक्के आणि टाचण्यांची डबी. अशा वस्तूंवर मोठ्या माणसांचा काय जीव असतो, ते मी तिथे पाहिलं. केस पिकलेले कारकून मला उगीच उचलायचे, कागद नसताना एकदा दाबून पाहायचे आणि खूश व्हायचे. मग घेऊनच जायचे. ‘दोन मिनिटांत आणतो’ म्हणून नेलेला मी दोन-दोन आठवडे परक्या खणात पडून राहायचो. शेवटी आमच्या हेडक्लार्क बाईंनी मला सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलं. सगळी कचेरी हसली. मला मात्र त्या सुतळीचा अभिमान होता. आपण कुणाला तरी आपल्या जागेवर हवे आहोत, यापेक्षा वस्तूला आणखी काय पाहिजे?

पुढे बाई निवृत्त झाल्या, कागद कमी झाले आणि मी अडगळीच्या खोक्यात गेलो. किती वर्षं गेली ते माझ्यापेक्षा माझ्या गंजाला जास्त ठाऊक. एक दिवस एका नाटक कंपनीच्या सामानवाल्यानं मला त्या खोक्यातून उचललं. त्यांच्या विनोदी नाटकात कचेरी होती, आणि कचेरीला स्टेपलर हवाच.

त्या नाटकात मोठ्या बाबूंचं, म्हणजे हेडक्लार्कचं, काम तात्या करायचे. आयुष्यभर त्यांनी लोकांना हसवण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. शेवटच्या प्रवेशात मोठे बाबू निवृत्त होतात. निरोपाच्या भाषणात ते कुणाचे आभार मानत नाहीत. कुणी कुणी आपला स्टेपलर नेला, त्याची यादी म्हणून दाखवतात. अकरा जण आणि अकरा बहाणे. मला हातात धरून तात्या ती यादी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे आणि लोक हसून हसून डोळे पुसायचे. काही जण तर नुसत्या त्या यादीसाठी पुन्हा पुन्हा यायचे.

मग यादीतले लोक तात्यांच्या आठवणीतून निसटू लागले. एकदा टपालवाले राहिले, एकदा एकदम तिघे राहिले. एका प्रयोगात तर तात्या अर्ध्यावर थांबले ते थांबलेच; पडदा पाडावा लागला. दिग्दर्शकानं त्यांना बाजूला घेतलं.

“तात्या, राग मानू नका,” तो म्हणाला. “रविवारचा दुपारचा प्रयोग बघू. पुन्हा तसं झालं, तर तुमच्या जागी दुसऱ्याला उभं करावं लागेल.”

तो दुसरा पाठांतर करून तयारच बसला होता. तात्या रागावले नाहीत, घाबरले. रविवारी सगळ्यांच्या आधी ते सामानाच्या टेबलाशी आले, मला उलटं केलं आणि माझ्या पोटावर चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावली. हिशेब, टपाल, भांडार, असे अकरा शब्द, मुंगीएवढ्या अक्षरांत. भाषणात मी त्यांच्या हातात असणारच, तेव्हा कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. त्यांनी पट्टी तीनदा दाबून बसवली. मला त्यांची फार दया आली.

नाट्यगृह भरलं. तिसऱ्या रांगेत तो दुसराही येऊन बसला. दोन अंक सुरळीत पार पडले.

आमच्या नाटकात टायपिस्टचं काम करणारी एक मुलगी होती. भराभर बोलते म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. नाटकात नसलेलं काहीतरी ऐन वेळी घालण्याला नाटकवाले ‘ॲडिशन’ म्हणतात, आणि चिमणीला त्याची भारी हौस. त्या दिवशी निरोपाच्या प्रवेशात कागदी पताकांची माळ एका टोकानं सुटून खाली आली. चिमणीनं डोळ्याचं पातं लवायच्या आत तात्यांच्या टेबलावरून मला उचललं आणि माळ जागेवर टाचली. हशा पिकला. त्या हशाच्या भरात ती आपल्या टेबलाकडे गेली आणि तिनं मला गुपचूप आपल्या खणात टाकलं. आणखी मोठा हशा झाला. नाटकातल्या त्या कचेरीत सगळे हेच तर करत होते. तिचं काही चुकलं नव्हतं. चिठ्ठीचं तिला ठाऊकच नव्हतं.

खण बंद झाला. मी अंधारात, आणि तात्यांची यादी माझ्या पोटावर.

“मंडळी, भाषण करायचा माझा स्वभाव नाही,” तात्यांचा आवाज आला. मग लाकडावर हात फिरल्याचा आवाज. तो हात मला शोधत होता.

तात्या थांबले. लोक हसले, त्यांना वाटलं, स्टेपलर पुन्हा चोरीला गेला. तात्या तरीही गप्पच. आता तुरळक हसू आलं. मग कुणीतरी खाकरलं. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता म्हणतात ना? टाचण्या आमच्या नात्यातल्या, तेव्हा तसली शांतता मी बरोबर ओळखतो. विंगेत पडद्याच्या दोरीकडे पावलं सरकली. मी ओरडू शकत नव्हतो. मला साधं कुरकुरताही येत नव्हतं, कारण त्यासाठी कुणीतरी दाबावं लागतं.

खण उघडला. तात्यांना मी हवा आहे, एवढंच चिमणीला कळलं असावं. तिची बोटं माझ्या पोटावरच्या पट्टीला लागली. तिनं मला जरासं उलटं केलं, वाचलं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं.

जागेवरून शब्द सुचवावे, तर तिसऱ्या रांगेत ऐकू गेले असते. तिनं माझं पोट तळव्यात घट्ट झाकलं आणि ती चालू लागली. दोन टेबलांमध्ये बारा पावलं होती. एवढं लांब मला आजवर कुणी नेलं नाही, असं वाटलं.

“साहेब, मीच नेला होता,” ती म्हणाली. “दोन मिनिटांत आणते म्हणाले होते.”

लोक खळखळून हसले. चिमणीनं मला तात्यांच्या हातात दिलं, पोट त्यांच्याकडे करून. मग एरवी कधी बोलत नाही इतकं सावकाश ती म्हणाली, “यादीत पहिलं नाव माझंच घाला. मग हिशेबवाल्यांचं.”

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला कळलंय, हे त्यांना कळलं. त्यांनी मला लांब धरलं, जवळ आणलं. चिठ्ठी लिहिताना त्यांच्या डोळ्यांवर स्वतःचा चष्मा होता, पण बाबूंच्या चष्म्याला काचा नव्हत्या. दिव्यात चमकू नयेत म्हणून नुसती चौकट होती. त्यांना एक अक्षरही लागत नव्हतं. चिमणी तिथून हलली नाही.

“हिशेबवाले,” तात्या हळूच म्हणाले. “मुलाच्या बारशाला नेला, मुलगा शाळेत जायला लागल्यावर आणला.”

हशा झाला, आणि त्याबरोबर पुढचंही त्यांना आठवलं. जिथे अडायचं तिथे चिमणी भाबडेपणानं विचारायची, “आणि टपालवाले, साहेब? तेसुद्धा?” अकराच्या अकरा नावं झाली. तिचं धरून बारा. पडद्याच्या दोरीला कुणी हात लावला नाही.

नंतर विंगेत तात्यांनी तिला विचारलं, “पोरी, तू कुणाला सांगणार का?”

“मी स्टेपलर चोरला, हे?” ती म्हणाली. “नाही बाई.”

तिचं मधे मधे विचारणं दिग्दर्शकानं नाटकात कायमचं ठेवलं. सामानवाल्याकडून सुतळी मागून चिमणीनं मला तात्यांच्या टेबलाला बांधलं. हात लांब करून भाषण करता येईल इतकी ती सुतळी लांब आहे.

मित्रांनो, तुम्हीही कुणाच्या टेबलावरून काही उचलाल. उचला, पण परत नेऊन ठेवा. त्या माणसाचं त्यावाचून काय अडतं, ते त्यानं तुम्हाला सांगितलेलं नसतं.

माझ्या पोटावरची चिठ्ठी आता चिमणीच्या हातची असते. पहिला शब्द ‘टायपिस्ट’. ती दर महिन्याला जुनी काढून नवी लावते, आणि दर वेळी अक्षरं थोडी मोठी असतात. माझं पोट अजून तरी पुरतं आहे.