कागदाचा नंदी

पुण्याच्या एका गेम कंपनीत असताना तेजश्रीने डोंगरखिंडीचा राखणदार बैल घडवला होता. दगडी अंगाचा, एका शिंगाला तडा गेलेला. गेम खेळणारी पोरं त्याच्याशी झुंजायची आणि बहुतेक वेळा हरायची. पुढे आई गेली, बाबांची आठवण ढासळू लागली आणि तेजश्री नाशिकला परतली ती कायमचीच. मोठा भाऊ मयुरेश कॅनडात. तो फोनवर म्हणाला होता, की तुझं काम काय, कुठूनही होण्यासारखं आहे.

बाबा म्हणजे यज्ञेश्वर गुरुजी. सारा जन्म रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करण्यात गेलेला. आता इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये ते सकाळ झाली की धोतर नेसून दाराशी उभे राहायचे; यजमान खोळंबलेत म्हणायचे. एकदा खरोखरच निघून गेले आणि द्वारका चौकात गाड्यांच्या मधोमध सापडले. तेव्हापासून दाराला आतून कुलूप आणि किल्ली तेजश्रीच्या गळ्यात. कुलूप बाबांसाठी होतं, पण कोंडली गेली दोघंही. भाजीसुद्धा ती गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून वर ओढायची.

मीटिंग चालू असताना बाबा दार धडधड हलवायचे, ती माफी मागून उठायची. असं करत करत कंपनीचं काम सुटलं. मग तिने कागद जवळ केला. गेममधली मॉडेलं घ्यायची, संगणकात त्यांचं अंग ज्यांनी बनतं ते हजारो त्रिकोण कमी करत कात्रीला झेपतील इतकेच ठेवायचे, कुठे चिरलं तर सगळं अंग सपाट उलगडेल ते शोधायचं, चिकटवायच्या पट्ट्यांना आकडे द्यायचे. हे आराखडे ती इंटरनेटवर टाकायची. कुठली कुठली माणसं ते छापून घरी बनवायची आणि फोटो पाठवायची. एका फोटोत मागे समुद्र होता. मॉडेल कसं जमलंय ते पाहायचं सोडून ती बराच वेळ समुद्रच बघत बसली.

शेवटी तिने आपला बैल उलगडायला घेतला. रिकाम्या बॉलपेनने घड्यांच्या रेघा पाडून, जाड कागदाचा, जेवणाच्या टेबलावर जेमतेम मावेल एवढा उभा केला. त्याचा फोटो दीपमालाने पाहिला. ही तिची पुण्याची जुनी सोबतीण, आता बंगळुरूत. तिच्या कंपनीला गेममधल्या पात्रांचे असे कागदी संच काढायचे होते. तिने सांगितलं, इकडेच ये, विभाग तू सांभाळ, आणि येताना बैल घेऊन ये. तेजश्रीने मयुरेशला कसंबसं राजी केलं. पेठ तालुक्यातल्या धोंडाबाई बाबांना सांभाळायला घरी येऊन राहायला तयार झाल्या. एका सकाळी बैल न्यायला खोकंही आलं.

त्याच सकाळी बाबा दाराकडे न जाता टेबलापाशी थांबले.

"नंदी आलाय," ते म्हणाले. "यजमान कोण?"

दुसरं कोण होतं घरात? तेजश्री म्हणाली, "मी."

त्यांनी तिला पाटावर बसवलं, बैलाला हात लावायला सांगितलं आणि प्राणप्रतिष्ठेचे मंत्र सुरू केले. स्वतःच्या मुलीचं नाव न आठवणाऱ्या माणसाचा एक उच्चार चुकला नाही. पळीतलं पाणी बैलावर पडणार, तोच तिने त्यांचा हात धरला आणि अक्षता पुढे केल्या.

त्या दिवसापासून बाबा दाराकडे फिरकले नाहीत. सकाळी नंदीची पूजा, नैवेद्य, मग जेवण, मग शांत झोप. तेजश्रीला वाटलं, सुटलो. पण पूजेला यजमान लागे. धोंडाबाई पाटावर बसल्या, तर बाबा नम्रपणे म्हणाले, यजमानीणबाईंना बोलवा. पूजेवाचून नैवेद्य नाही आणि नैवेद्यावाचून जेवण नाही. तीन प्रहर झाले तरी ते उपाशी बसून राहिले.

तिने एकदा बैल खोक्यात घालून पाहिला. बाबा घरभर शोधत फिरले, मग कुलूप इतकं ओढत राहिले की हाताची सालटी निघाली. धोंडाबाईंनी हळद लावली आणि तेजश्रीकडे पाहून म्हणाल्या, "ठेव बाई त्याला जागेवर."

मग तिला सुचलं, की ज्यांनी बसवला त्यांनीच उठवावा. तिने विसर्जन करायला सांगितलं. बाबांनी बोटांच्या पेरांवर तिथी मोजली.

"अजून मुहूर्त नाही."

"कधी आहे?"

"आला की सांगेन."

आठवडाभर ती रोज विचारत राहिली, उत्तर तेच. दीपमालाला तिने फोन करून, मला येता येणार नाही, दुसरा बैल बनवून पाठवते, म्हटलं. दीपमाला म्हणाली, "बैल कुणीही बनवेल गं. मला तू हवी होतीस." ते पद पुढे कुणा दुसऱ्याला मिळालं. मयुरेशला हायसं वाटलं, तसं त्याने बोलूनही दाखवलं. तेजश्रीने फोन ठेवला, गॅलरीत जाऊन गज धरून उभी राहिली आणि आतून हाक आली तशी परत फिरली.

पाट मांडलेला होता. ती बसली, बैलाच्या पाठीला हात लावला. बाबांनी मंत्र अर्ध्यावर थांबवून विचारलं, "कोणी घडवला हा?"

"मी."

ते वाकून बघू लागले. मान, खूर, तडा गेलेलं शिंग. पुण्यात ती काय काम करते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले.

बाबांनी दोन ओळी म्हटल्या आणि पुन्हा विचारलं, "कोणी घडवला हा?"

"मीच, बाबा," ती म्हणाली. नैवेद्य होईपर्यंत तिला ते आणखी कितीदा तरी सांगावं लागलं.